रानाचा वरचा मजला

कोंडसवण्याच्या मुरलीधर बाईतांनी उभ्या आयुष्यात झाडाला झाड लागू दिलं नव्हतं. हापूसच्या कलमांत त्यांची हयात गेलेली. दोन झाडांच्या मधून ऊन जमिनीपर्यंत उतरलं पाहिजे, वारा खेळला पाहिजे आणि डोक्यावर टोपली घेतलेली बाई न वाकता सरळ चालत गेली पाहिजे, हा त्यांचा धर्म. पंचक्रोशीत कुणाचं कलम रोडावलं की मुरलीभाऊंना बोलावणं यायचं, आणि मुरलीभाऊ आले की पाण्याच्या तांब्याआधी कोयता मागायचे.

त्यामुळे गावच्या पडीक वरकसावर पुन्हा जंगल उभं करायचं ठरलं, तेव्हा ते काम कुणाच्या गळ्यात पडणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वरकस म्हणजे भातखाचरांच्या वरची उताराची जमीन. तिथं पूर्वी नाचणी-वरी व्हायची. पिकवणारे हात मुंबईला गेले आणि तिथं नुसतं गवत माजलं. या उताराच्या एका अंगाला वाघजाईची देवराई, दुसऱ्या अंगाला घाटाचं दाट जंगल. मधला सगळा उघडा डोंगर मुरलीभाऊंनी दोरी लावून, फक्की मारून आखला. एक ओळ ऐनाची, एक किंजळाची, एक जांभळाची, एक हिरड्याची, आणि झाडापासून झाड तीस फुटांवर. दर वर्षी पावसाळा संपला की गावकीची बेणणी व्हायची. सगळा गाव कोयते घेऊन चढायचा, झुडपं साफ करायचा, झाडांवर चढलेल्या वेली तोडून खाली ओढायचा, आणि एखादी फांदी शेजारणीकडे हात लांबवायला लागली की मुरलीभाऊ जातीनं तिचं टोक छाटायचे.

अठरा वर्षांत रान असं झालं की त्यातून टेम्पो घालावा आणि आरशालाही ओरखडा न येता पलीकडे काढावा. बाहेर ‘आदर्श रान’ अशी पाटी लागली. बसगाड्या भरून माणसं बघायला यायची आणि मुरलीभाऊंचा त्या दिवशीचा चहा फार गोड व्हायचा.

त्यांची मुलगी वेदिका बंगळूरला एका संशोधन संस्थेत होती. तिथं तिनं आणि तिच्या सोबत्यांनी हवेचा वास घेणारं एक यंत्र तयार केलं होतं, आणि त्याची पहिली मोठी चाचणी आपल्या बापाच्या रानात व्हावी म्हणून ती वरिष्ठांशी भांडली होती. बाबांचं रान जगाला दिसावं, एवढीच तिची हौस होती. चैत्रात ती चाळीस पेट्या घेऊन गावी उतरली.

यंत्राचं तत्त्व साधं होतं. कुठलाही प्राणी बसल्याजागी स्वतःला थोडा थोडा सांडत असतो. कातडीचा कोंडा, केसाचा तुकडा, उच्छ्वासातले बारीक थेंब. या प्रत्येकात त्याचा डीएनए असतो, आणि तो काही काळ हवेत तरंगतो. पेटीतला लहानसा पंखा ही हवा एका चाळणीतून ओढतो, आणि आतली चकती चाळणीत अडकलेला डीएनए वाचते. पूर्वी या वाचनाला प्रयोगशाळा लागायची आणि आठवडे जायचे. आता तासाभरात पेटी सांगायची की इथून कोण गेलं, कुठल्या जातीचं, नर की मादी, आणि कालचंच की नवं. झाडांच्या आड हे कण फार लांब वाहत नाहीत आणि उन्हात लवकर मरतात. त्यामुळे पेटीनं नाव घेतलं की तो प्राणी आज आणि इथंच होता, असं खुशाल धरावं.

गावानं पेटीचं नाव नाकाडं ठेवलं. माणसांचा माग वाचायचा नाही, असा कायदा होता आणि नाकाडं माणसाचा कण आला की तो न वाचताच टाकून द्यायचं. हे कळल्यावर वाडीतल्या एक-दोघी हिरमुसल्या, कारण दारूच्या गुत्त्यामागं एक पेटी टांगावी असं त्यांच्या मनात होतं. फक्त जो माणूस पेट्यांच्या चाळण्या बदलतो त्याची थुंकी नमुन्याला घ्यावी लागायची. त्याचाच माग सगळ्यांत जास्त, तो ओळखून वजा करायला हवा. हे काम अर्थातच मुरलीभाऊंनी घेतलं. आपलं नाव यंत्रात गेलं याचा त्यांना अभिमान वाटला, आणि तो त्यांनी गावभर सांगितला.

पंधरवड्यानं वेदिका पडवीत लॅपटॉप उघडून बसली. तिची आई सुगंधा तांदूळ निवडत होती. तिनं लेकीचं तोंड बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

नाकाड्यांनी रानात पुष्कळ काही हुंगलं होतं. ससे होते, साळिंदर होतं, मुंगूस होतं, भेकरांचं एक कुटुंब होतं, आणि डुकरं तर वाजवीपेक्षा जास्तच. म्हणजे रानाचा तळमजला भरला होता. वरच्या मजल्यावर मात्र कुणीच नव्हतं. उडती खार नाही, उदमांजर नाही, शेकरू नाही. फांद्यांवर संसार करणाऱ्या कुठल्याच जनावरानं अठरा वर्षांत इथं बिऱ्हाड केलं नव्हतं.

देवराईतल्या नाकाड्याला मात्र शेकरू सापडलं होतं. एकच, मादी. गाव तिला देवीची शेकरीण म्हणायचा आणि गेली पाच-सहा वर्षं तिला एकटीलाच बघत होता. मांजराएवढं अंग, तेवढीच लांब झुपकेदार शेपटी, पाठ तांबूस आणि पोट दुधाळ. शेकरू जमिनीवर उतरायला राजी नसतं. ते वरच खातं, वरच घरटं बांधतं, आणि उंच फांदीवरून वीस फुटांची झेप घेतं. त्याहून रुंद उघडी जागा म्हणजे त्याला समुद्रच, वर गरुडाची भीती. पणज्या-खापरपणज्यांच्या काळात नाचणीसाठी डोंगर मोकळा झाला, तेव्हा देवराईतली शेकरं तिथंच अडकली. नात्यात नाती होत गेली, पिलं अशक्त निघाली, आणि आता ही शेवटची उरली होती. घाटाच्या बाजूला नर होते. त्यांतला एक तरणा रोज रानाच्या कडेपर्यंत यायचा, ओरडायचा आणि परत फिरायचा. इकडच्या कडेला ही येऊन ओरडायची. दोघांच्या मध्ये मुरलीभाऊंचं आदर्श रान होतं. शेकरू जगून जगून किती जगणार? आणखी दोन-तीन वर्षांत तिला नर भेटला नाही, तर देवराईतलं शेकरू कायमचं संपणार होतं.

हे सगळं बापाला कसं सांगावं, यावर वेदिकानं दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं.

"बाबा, तुमच्या रानात झाडं हायत, पण वरनं वाट नाय."

मुरलीभाऊंनी आधी यंत्र खोटं ठरवलं. मग शेकरू आळशी ठरवलं. मग ते जेवणावरून उठले, आणि अठरा वर्षं बायकोनं ऐकवलं नाही ते लेकीनं ऐकवलं म्हणून सुगंधाजवळ कुरकुरले. सुगंधानं सांगितलं की आपणही ऐकवलं होतं, पण तेव्हा ते झाडावर होते.

वेदिकाचं म्हणणं एवढंच होतं की एक वर्ष कोयता लावू नका. झाडांच्या फांद्या भिडायला आठ-दहा वर्षं लागतील. पण रानात गारंबी होती. हातभर शेंगांची, मांडीएवढ्या खोडाची ती महावेल दर वर्षी तोडून तोडून वरून नाहीशी झाली होती, तरी तिची मुळं जमिनीत अठरा वर्षं जोर धरत होती. तिला एक पावसाळा मिळाला तर ती एका झाडावरून दुसऱ्यावर जाईल आणि तीच शेकरूचा पूल होईल.

"म्हंजे रानाचं रान होऊ देऊ म्हंतेस?" मुरलीभाऊ म्हणाले.

"व्हय, बाबा."

लेक इतक्या सरळ ‘व्हय’ म्हणाली की पुढं भांडायला काही उरलं नाही. त्यांनी एका वर्षाचा शब्द दिला. सुगंधानं शब्दावर विसंबून न राहता कोयता तांदळाच्या कणगीत पुरला.

पाऊस लागला आणि गारंबीनं अठरा वर्षांचा हिशेब काढला. आषाढात तिचे कोंब गुडघ्याला होते, श्रावणात ते ऐनाच्या पहिल्या फांदीवर चढले, आणि भाद्रपदात वेलींनी ओळी ओलांडल्या. किंजळ आणि जांभूळ एका वेलीत गुंतले. ज्या दोन झाडांची मुरलीभाऊंनी जन्मात ओळख होऊ दिली नव्हती ती आता एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. मुरलीभाऊ चाळण्या बदलायला जायचे ते दोन्ही हात पाठीमागं बांधून. हात मोकळे राहिले की बोटं आपोआप फांद्या मोजायला लागायची.

गणपतीनंतर बंगळूरहून वेदिकाचे फोन यायला लागले. पहिला फोन आला की शेकरीण देवराईच्या बाहेर आली, ऐनाच्या पहिल्या ओळीत आहे. मग दुसऱ्या ओळीत. मग जांभळाच्या. लेकीचा आवाज फोनमधून उड्या मारायचा. मुरलीभाऊ ‘असं का’ एवढंच म्हणायचे, पण फोन ठेवल्यावर वाडीतल्या चार घरांत जाऊन सांगून यायचे. तिकडून नरही निघाला होता. एका वेळी एक ओळ, एका वेळी एक झेप. दोघांच्या मध्ये आता रानातली पाऊलवाट आणि तिच्या कडेच्या ओळी एवढंच राहिलं होतं.

नेमकी अशा वेळी गुहागरकडच्या बागायतदारांची सहल ठरली. आदर्श रान बघायला येणार होते. ही सगळी मुरलीभाऊंची जुनी मंडळी, कलमांतली, एकमेकांच्या बागेतल्या सुकलेल्या फांदीवर वर्षभर बोलणारी. मुरलीभाऊ आदल्या दिवशी रानात गेले. पाऊलवाटेवर वेलींची जाळी लोंबत होती, खाली झुडपं कमरेला लागत होती. पाहुणे दारात आणि लेकरू शेंबडं, असं त्यांना झालं. सुगंधा माहेरी गेली होती. कणगीतला कोयता कुठं आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

फक्त वाटेपुरतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. वाटेच्या दोन्ही कडांच्या ओळी साफ केल्या, वेली बुडाशी तोडून खाली ओढल्या, फांद्यांची पुढं आलेली कोवळी टोकं छाटली. सकाळभराचं काम, पण काय सुख वाटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी पाहुणे वाटेनं सरळ चालत गेले, वाहवा म्हणाले, चहा प्याले आणि निघून गेले.

दिवाळीला वेदिका घरी आली. बॅग न उघडता ती बापाला घेऊन पडवीत बसली आणि त्यांच्यापुढं लॅपटॉपचा पडदा धरला. पाऊलवाटेजवळच्या नाकाड्याची नोंद तिनं वाचली नाही. ती त्यांनीच वाचली. शेकरू नाही, असं तिथं लिहिलं होतं. खाली, वजा करायच्या मागात, ‘मुरलीधर बाईत’ एवढं नाव होतं. चाळणी बदलायला फार तर चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो. इथं मात्र त्यांचा माग अख्ख्या सकाळचा होता, आणि त्याच्यासोबत तोडलेल्या गारंबीच्या चिकाचा.

वेदिका रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर द्यायची त्यांना सवय होती.

"ती तीन दिवस वाटेच्या या कडंला बसून व्हती, बाबा," ती म्हणाली. "त्यो पलीकडं व्हता. मंग दोघंबी परत ग्येली."

मुरलीभाऊ उठले आणि खळ्यात जाऊन उभे राहिले. सगळ्या हयातीत कुणी त्यांना आळशी म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांना वाटलं की त्या एका सकाळी आपण आळशी असतो तर किती बरं झालं असतं. त्यांना लाज वाटली. लेकीची वाटली, त्याहून जास्त त्या मुक्या जिवाची वाटली. पाच-सहा वर्षं एकटीनं काढून, एकेक फांदी चाचपत ती तिथवर आली होती आणि यांनी तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

दर वर्षी या सुमाराला देवीच्या सभामंडपात गावकी बसायची आणि बेणणीचा दिवस ठरवायची. गावकीचे म्होरके, गावकार सोनू जोगळे बोलायला उभे राहण्याआधीच मुरलीभाऊ उभे राहिले. केलं ते सगळं त्यांनी सांगितलं, लेकीचं नाव मध्ये न आणता. मग म्हणाले, यंदाची बेणणी उलटी करायची आहे. खाली ओढलेल्या वेली परत वर चढवायच्या आहेत. एकट्याच्यानं होणार नाही.

मग सोनू जोगळे हसायला लागले, आणि त्यांचं हसू सगळ्या मंडपाला लागलं.

"अठरा वर्सं आमच्याकडनं तोडून घ्येतल्यास," ते डोळे पुसत म्हणाले, "आता बांदूनबी घे बाबा."

असली बेणणी कोंडसवण्यानं कधी बघितली नव्हती. कोयते घरी ठेवून गाव काथ्याच्या दोऱ्या, शिड्या आणि बांबू घेऊन चढला. ओढलेल्या गारंबीच्या वेली वाटेकडेला ढिगानं पडल्या होत्या. वाळत आल्या होत्या, पण चिवट होत्या. खालून बांबूनं ढकलायचं, वरून दोरीनं ओढायचं, वरच्यानं खालच्याला आणि खालच्यानं वरच्याला शिव्या घालायच्या, असं काम चाललं. बायकांनी भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. कुणाची तरी वेल उलट्या बाजूनं चढली म्हणून ती दोनदा उतरवली. मुरलीभाऊ सर्वांत उंच किंजळावर चढले आणि सुगंधा खालून हाका मारीत असतानाही उतरले नाहीत. वाटेवरची शेवटची गाठ त्यांनी स्वतः मारली, कलमाला मारतात तशी, घट्ट पण सालीला न कापणारी. संध्याकाळी सगळ्यांनी मान वर करून बघितलं तेव्हा पाऊलवाटेवर सहा आडव्या वेलींचा गबाळा मांडव झाला होता, आणि तो पाहून मुरलीभाऊंसकट सगळे खूश होते.

आता ती येईल का, हे नाकाड्यालाही सांगता येत नव्हतं. एकदा फसलेलं जनावर त्या वाटेला लवकर फिरकत नाही. वेदिकानं रजा वाढवली. नोंद रोज तीच यायची. शेकरीण देवराईत. मुरलीभाऊ आठवड्याऐवजी रोज चाळण्या बदलायला लागले आणि परत येऊन कुणी न विचारताच ‘नाय’ म्हणायचे. वेली वाळून तुटायच्या आत ती आली नाही तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागणार होतं, आणि तितका धीर तिला असेल का, हे त्यांना लेकीला विचारवेना.

थंडी पडली तसे ते एका सकाळी वाटेजवळच्या नाकाड्याचं झाकण उघडून उभे होते. वर फांदी हलली. त्यांनी नुसते डोळे वर केले. किंजळाच्या टोकाला ती होती. उन्हात तिची तांबडी पाठ चमकत होती. तिनं पुढचे दोन पाय वेलीवर ठेवले, दाबले, मागं घेतले. पुन्हा ठेवले. वेल करकरली आणि मुरलीभाऊंच्या हातातली चाळणी खाली पडली, पण ती थांबली नाही. शेपटी एका बाजूला लोंबती सोडून, तोल सावरत, ती त्यांच्या डोक्यावरून चालत गेली. वेलीच्या मधोमध क्षणभर बसली, खाली त्यांच्याकडं बघितलं, आणि पलीकडच्या ऐनात शिरली. मग लांबून, घाटाच्या अंगानं, दुसरा आवाज आला.

मुरलीभाऊ वाटेवर मटकन खाली बसले. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं. मग धोतर झाडत ते असे धावत घरी आले की सुगंधाला वाटलं रानाला वणवाच लागला.

त्या वर्षी पुन्हा बेणणी झाली नाही, पुढंही झाली नाही. ‘आदर्श रान’ पाटीवर वेल चढली आणि ती कुणी काढली नाही. गुहागरची मंडळी पुन्हा आली, नाकं मुरडून गेली, आणि मुरलीभाऊ कोयता न मागता त्यांच्या पाठोपाठ घाटापर्यंत बोलत गेले. हापूसच्या कलमांत मात्र त्यांचा कोयता पूर्वीसारखाच चालायचा. तिथं झाडाला झाड लागलं की त्यांना अजूनही ताप यायचा.

त्याच वर्षी फाल्गुनात शिमग्याला वेदिका घरी होती. सकाळी लॅपटॉप उघडून ती एकदम ओरडली, तशी घरातली सगळी धावली. रानाच्या मधल्या भागातल्या नाकाड्यानं एक नवं शेकरू वाचलं होतं. याआधी कधीही न आढळलेलं. अर्धा डीएनए देवराईतल्या मादीचा, अर्धा घाटातल्या नराचा. डोळ्यांना दिसायच्या आत, घरट्यातून डोकं बाहेर काढायच्या आत, पिल्लानं श्वास घेतला होता आणि तो हवेत उतरला होता. कित्येक वर्षांत देवराईच्या वंशात बाहेरचं रक्त आलं नव्हतं. ते आता आलं होतं, आणि बिऱ्हाड देवराईत नाही, घाटात नाही, मुरलीभाऊंच्या रानात झालं होतं.

मुरलीभाऊंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग चपला घातल्या आणि निघाले.

दुपारी पुरणपोळीचं पान वाढून तयार होतं आणि त्यांचा पत्ता नव्हता. रानातली वाट आता सरळ राहिली नव्हती. फक्की मारून, दोरी लावून ज्यानं प्रत्येक झाड उभं केलं तो माणूस त्यात हरवला असेल, असं सुगंधा म्हणाली आणि तिला काळजीही वाटली. शेवटी तिनं लेकीला सांगितलं की तुझ्या त्या नाकाड्याला विचार, माणूस आहे कुठं.

वेदिकानं बघितलं. वजा करायचा माग तिनं या वेळी वजा केला नव्हता.

"मधल्या नाकाड्यापाशी," ती म्हणाली. "शेकरू तीन. मुरलीधर बाईत एक."

सुगंधानं पोळीवर आणखी एक तुपाचा चमचा सोडला आणि ताट झाकून ठेवलं.